ही फाइल उघडायची कशाने?

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील कपाटात ओळीने मांडलेल्या बाटल्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक बाटलीवर एक चिठ्ठी असते आणि तीवर आतल्या पदार्थाचे नाव असते. समजा, एका बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली आहे आणि आत पांढरी पूड आहे. ती मीठ असेल, धुण्याचा सोडा असेल, किंवा एखादे विषही असेल. ती ओळखण्यासाठी तुम्ही चाखून पाहणार नाही. आधी रंग पाहाल, पाण्यात विरघळते का ते पाहाल, चिमूटभर पूड ज्योतीत धराल. ज्योत पिवळी झाली की आत सोडियम आहे असे म्हणाल. म्हणजेच एकेक परीक्षा घेत तुम्ही पदार्थाचे नाव ठरवाल.

संगणकावरही असाच प्रसंग वारंवार येतो. मावसभावाने त्याच्या फोनवरून सहलीचे फोटो पाठवलेले असतात आणि ते घरच्या जुन्या संगणकावर उघडत नाहीत. छापखान्याकडून आलेली पत्रिका शाळेच्या संगणकावर दिसत नाही. पडद्यावर फक्त एक प्रश्न उमटतो : ही फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची? अशा वेळी पुष्कळ जण दिसेल त्या नावावर टिचकी मारतात, नाहीतर इंटरनेटवर जे पहिले सापडेल ते सॉफ्टवेअर उतरवून घेतात. हे अनोळखी पूड चाखून पाहण्यासारखेच आहे. त्यापेक्षा फाइल ओळखण्याची रीत शिकून घेणे चांगले. ती अवघड नाही. पण त्यासाठी फाइल म्हणजे काय हे आधी समजले पाहिजे.

फाइल म्हणजे नुसत्या संख्या

संगणकातील कोणतीही फाइल घ्या. मग ते गाणे असो, फोटो असो की निबंध. ती म्हणजे ० ते २५५ या दरम्यानच्या संख्यांची एक लांबलचक रांग असते. अशा एका संख्येला बाइट म्हणतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि प्रत्येक बिट ० किंवा १ असतो. म्हणून दोनचा आठवा घात, म्हणजे २५६ वेगवेगळ्या संख्या त्यात मावतात. रांगेत याहून वेगळे काहीही नसते. अक्षरे नसतात, रंग नसतात, सूर नसतात.

एका फाइलीत ८३, ८५, ७८ या तीन संख्या आहेत असे समजा. त्यांचा अर्थ काय? १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाचा एक संकेत ठरला. आज तो ज्या रूपात वापरात आहे त्यात रोमन मोठ्या ‘ए’ साठी ६५, ‘बी’ साठी ६६ असे क्रमांक आहेत. त्याप्रमाणे वाचले तर ८३ म्हणजे ‘एस’, ८५ म्हणजे ‘यू’ आणि ७८ म्हणजे ‘एन’. शब्द झाला ‘सन’, म्हणजे इंग्रजीतला सूर्य! पण याच तीन संख्या एखाद्या चित्रातील ठिपक्याच्या असतील, तर त्या अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे प्रमाण सांगतात. मग त्यातून एक गडद राखाडी, किंचित हिरवट ठिपका मिळेल. तिन्ही मिळून एकच मोठी संख्या आहे असे मानले, तर ती होईल ५४,६१,३२६. आणि ध्वनीची फाइल असेल, तर लागोपाठच्या तीन क्षणी लाउडस्पीकरचा पडदा किती पुढेमागे सरकवायचा याची ती नोंद ठरेल.

सूर्य, राखाडी ठिपका, चौपन्न लाखांची संख्या की आवाज? संख्यांकडे कितीही वेळ पाहत बसलात तरी उत्तर मिळणार नाही. अर्थ संख्यांमध्ये नसून लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात झालेल्या करारात आहे. या कराराला संगणकाच्या भाषेत ‘फॉरमॅट’ म्हणतात. तेव्हा ‘फाइल उघडत नाही’ याचा खरा अर्थ, ज्याला हा करार माहीत आहे असा वाचक आपल्या संगणकावर नाही, एवढाच असतो. फाइल बिघडलेली असेलच असे नाही.

चिठ्ठी : नावाचे शेपूट

मग कोणता करार लागू आहे हे ओळखायचे कसे? पहिली आणि सर्वांत सोपी खूण म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेवटी, टिंबानंतर येणारी अक्षरे. ‘सहल.जेपीजी’, ‘निबंध.डॉकएक्स’, ‘निकाल.पीडीएफ’ यांतील शेवटच्या अक्षरांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्यांना शेपूट म्हणू.

ही शेपटे बहुधा तीनच अक्षरांची का असतात? १९७० च्या दशकातील ‘सीपी/एम’ आणि १९८१ साली आलेली ‘एमएस-डॉस’ या संगणक प्रणालींमध्ये नावासाठी आठ आणि प्रकारासाठी तीन अशा अकराच अक्षरांची जागा राखून ठेवलेली असे. डॉसच्या चकतीवरच्या यादीत तर मधले टिंब साठवलेही जात नसे. ते फक्त दाखवताना घातले जाई. ती मर्यादा केव्हाच गेली, पण तीन अक्षरांची सवय मात्र राहिली.

विंडोज प्रणालीत बहुधा हे शेपूट लपवलेले असते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ असा पर्याय आहे. तो चालू करा. अनोळखी फाइल ओळखण्याची सुरुवात येथूनच होते.

पण लक्षात ठेवा, शेपूट ही फक्त चिठ्ठी आहे. बाटलीवरची चिठ्ठी बदलल्याने आतले मीठ साखर होत नाही. ‘सहल.जेपीजी’ चे नाव बदलून ‘सहल.एमपी३’ केले, तर फोटोचे गाणे होणार नाही. संगणक मात्र चिठ्ठीवर विश्वास ठेवून ती गाण्याच्या प्रोग्रॅमकडे देईल आणि तो प्रोग्रॅम तक्रार करील. काही जण फाइल उघडत नाही म्हणून शेपूट बदलून पाहतात. त्याने फाइलीचा एकही बाइट बदलत नाही.

फसवी चिठ्ठी

चिठ्ठीवर डोळे झाकून विसंबण्याचे परिणाम किती मोठे होऊ शकतात, हे मे २००० मध्ये जगाने पाहिले. ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेली ई-पत्रे फिरू लागली. सोबत जोडलेल्या फाइलीचे नाव होते ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. विंडोज शेवटचे शेपूट लपवीत असल्यामुळे पुष्कळांना ‘टीएक्सटी’ पर्यंतच दिसले. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर. तो वाचल्याने काय होणार? म्हणून लोकांनी ती उघडली. खरे शेपूट होते ‘व्हीबीएस’, म्हणजे संगणकाने पार पाडायच्या आज्ञांची यादी. त्या आज्ञांनी संगणकावरील फाइली पुसल्या आणि तेच पत्र त्या माणसाच्या ओळखीच्या सर्वांना पाठवले. थोड्याच दिवसांत जगभरातील लाखो संगणकांना या प्रोग्रॅमची लागण झाली.

हीच युक्ती आता मोबाइलवर आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ म्हणून एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचा प्रोग्रॅम होय. पत्रिका चित्र असेल किंवा पीडीएफ असेल. ती एपीके असण्याचे काहीच कारण नाही. ती बसवली तर फोनमधील संदेश, आणि त्यांबरोबर बँकेचे गुप्त क्रमांकही परक्याच्या हाती जाऊ शकतात. या फसवणुकीबद्दल पोलिसांच्या सायबर विभागांनी २०२४ साली लोकांना सावध केले आहे. घरातील मोठ्या माणसांना हे एक शेपूट ओळखायला शिकवलेत, तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले.

येथे एक भेद मनात पक्का करा. काही फाइली वाचायच्या असतात : फोटो, गाणी, मजकूर. काही फाइली चालवायच्या असतात : विंडोजवर ‘ईएक्सई’, ‘व्हीबीएस’, ‘बॅट’, अँड्रॉइडवर ‘एपीके’. वाचायची फाइल अनोळखी असेल तर तिचा शोध घ्या. चालवायची फाइल अनोळखी असेल, तर तिला हातच लावू नका.

आतली खूण

चिठ्ठी नसेल किंवा खोटी असेल, तर पुढची परीक्षा आतल्या पदार्थाची. बहुतेक फॉरमॅट ठरवणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट करून ठेवली आहे. फाइलीच्या अगदी सुरुवातीला ते ठरावीक बाइट लिहितात. या खुणेला संगणकतज्ज्ञ ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. अर्थात, यात जादू काही नाही. ज्योतीच्या वर्णपटातील रेषांवरून जसे मूलद्रव्य ओळखता येते, तसा या बाइटवरून फाइलीचा प्रकार ओळखता येतो.

काही खुणा पाहा. पीडीएफ फाइल ३७, ८०, ६८, ७० ने सुरू होते. आस्की संकेतानुसार वाचले तर ३७ म्हणजे टक्क्याचे चिन्ह आणि पुढे ‘पी’, ‘डी’, ‘एफ’. जेपीजी फोटो २५५, २१६, २५५ ने सुरू होतो. १९८७ साली आलेल्या ‘जीआयएफ’ चित्रांच्या आरंभी ही तीन अक्षरे आणि पुढे ‘८७ए’ किंवा ‘८९ए’ असते. म्हणजे खुणेतच त्या आवृत्तीचे सालही आले. नव्या आयफोनवरील ‘एचईआयसी’ फोटोमध्ये पहिले चार बाइट सोडून ‘एफटीवायपी’ ही अक्षरे आणि त्यानंतर बहुधा ‘एचईआयसी’ असे लिहिलेले असते. हा प्रकार त्या फोनमध्ये २०१७ साली आला. मावसभावाचे फोटो जुन्या संगणकाला ओळखता आले नाहीत, ते यामुळेच.

‘पीएनजी’ या चित्रप्रकाराची खूण तर मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. हा फॉरमॅट १९९६ साली निश्चित झाला. त्याची खूण आठ बाइटची आहे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातला प्रत्येक बाइट एक काम करतो. आस्कीतील क्रमांक १२७ पर्यंतच आहेत. म्हणून सुरुवातीचा १३७ सांगतो, की हा साधा मजकूर नव्हे. जुन्या काळी काही संदेशवाहिन्या आठपैकी सातच बिट पुढे पाठवीत. तसे झाले तर १३७ मधून १२८ गळून ९ उरतात आणि चित्राची मोडतोड झाल्याचे तत्काळ कळते. ८०, ७८, ७१ म्हणजे ‘पी’, ‘एन’, ‘जी’. १३ आणि १० या ‘ओळ संपली’ असे सांगणाऱ्या खुणा आहेत. विंडोजमध्ये ओळ संपवायला १३ आणि १० असे दोन्ही लागतात. युनिक्समध्ये एकटा १० पुरतो. फाइल एका प्रणालीतून दुसरीत पाठवताना एखादा प्रोग्रॅम तिला मजकूर समजून या खुणा बदलून टाकतो आणि चित्र बिघडते. खुणेत १३, १० ही जोडी आणि शेवटी एकटा १० असे दोन्ही ठेवल्यामुळे कोणत्याही दिशेने झालेला बदल पकडला जातो. मधला २६ डॉस प्रणालीत ‘मजकूर संपला’ असे सांगे. त्यामुळे कोणी चुकून चित्र मजकुरासारखे छापू लागले, तर ते तेथेच थांबे. आठ बाइटमध्ये फाइलीची ओळखही झाली आणि प्रकृतीची तपासणीही!

या खुणा तोंडपाठ करण्याची गरज नाही. युनिक्स प्रणालीत ‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा १९७३ पासून आहे. आज ती लिनक्स आणि मॅक संगणकांवर असते. आज्ञेपुढे फाइलीचे नाव लिहिले, की आतल्या खुणा तपासून ती प्रकार सांगते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००२ साली ‘प्रोनोम’ नावाची फाइल-प्रकारांची नोंदवही तयार करायला घेतली. तिच्या आधारे चालणारा ‘ड्रॉइड’ हा ओळखपरेडीचा प्रोग्रॅम कोणालाही विनामूल्य मिळतो.

एक खूण, अनेक मालक

आतली खूणही नेहमी शेवटचा शब्द नसते. ८०, ७५ ने सुरू होणारी फाइल घ्या. ही रोमन अक्षरे आहेत ‘पी’ आणि ‘के’; फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरच्या नावाची आद्याक्षरे. त्याने १९८९ साली ‘झिप’ हा फॉरमॅट आणला. अनेक फाइली दाबून एका गाठोड्यात बांधण्याची ती रीत होती. कॅट्झने या गाठोड्याची रचना जाहीर करून टाकली, म्हणून इतरांनाही ती वापरता आली. आज वर्डची ‘डॉकएक्स’, एक्सेलची ‘एक्सएलएसएक्स’, पुस्तकाची ‘ईपब’, लिबर ऑफिसची ‘ओडीटी’ आणि मघाशी पाहिलेली ‘एपीके’ ही सगळी आतून झिपचीच गाठोडी आहेत. सर्वांच्या आरंभी तेच ‘पीके’!

तेव्हा गाठोडे सोडून आत काय आहे ते पाहावे लागते. ‘वर्ड’ नावाचा कप्पा असेल तर डॉकएक्स, ‘एक्सएल’ असेल तर एक्सएलएसएक्स, ‘अँड्रॉइड मॅनिफेस्ट’ असेल तर एपीके. रसायनशाळेतही प्राथमिक परीक्षेवरून अंदाज बांधतात आणि निर्णायक परीक्षेने तो पक्का करतात. येथेही तसेच. शेपूट, आतली खूण आणि आतली रचना, या तिन्हींचा मेळ बसला की ओळख पक्की झाली.

आता उघडायची कशाने?

प्रकार कळला की अर्धे काम झाले. पुढचे काम म्हणजे तो करार जाणणारा प्रोग्रॅम मिळवणे. मूळ ज्या सॉफ्टवेअरने फाइल तयार झाली, तेच विकत घेतले पाहिजे असे नाही. पुष्कळ प्रकारांसाठी विनामूल्य वाचक उपलब्ध आहेत.

डॉक, डॉकएक्स, ओडीटी, एक्सएलएस – लिबर ऑफिस
एमकेव्ही, एफएलव्ही, ओजीजी – व्हीएलसी
झिप, आरएआर, सेव्हन-झेड – सेव्हन-झिप
पीएसडी, एक्ससीएफ, टीआयएफएफ – गिंप
एसव्हीजी – कोणताही नवा ब्राउझर किंवा इंकस्केप
ईपब – कॅलिबर

यांपैकी व्हीएलसीची सुरुवात १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली, हे तुम्हाला ऐकून आनंद होईल.

प्रोग्रॅम शोधताना काही पथ्ये पाळा. तो बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘तुमची फाइल उघडण्यासाठी हे बटण दाबा’ अशा जाहिरातींना भुलू नका. फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणाऱ्या संकेतस्थळांवर घरची कागदपत्रे चढवू नका, कारण चढवलेली प्रत परक्याच्या संगणकावर जाते. आणि सर्वांत सोपा उपाय विसरू नका : ज्याने फाइल पाठवली त्यालाच विचारा. ‘हीच पीडीएफ करून पाठवता का?’ एवढ्या एका वाक्याने पुष्कळदा तासाभराची खटपट वाचते.

अक्षरेच ओळखू येत नाहीत तेव्हा

कधी कधी फाइल उघडते, पण मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. मराठी वाचकांच्या वाट्याला हा अनुभव विशेष येतो. त्यामागे दोन वेगवेगळी कारणे असतात आणि चिन्हांकडे नीट पाहिले तर ती वेगळी ओळखता येतात.

आज जगातील लिपींसाठी ‘युनिकोड’ हा संकेत आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक दिले आहेत. ‘म’ चा क्रमांक २३५०. एवढी मोठी संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. म्हणून ‘यूटीएफ-८’ या रीतीत ‘म’ साठी तीन बाइट लिहितात : २२४, १६४, १७४. एखाद्या प्रोग्रॅमने हे तीन बाइट म्हणजे युरोपीय लिपीतील तीन वेगळी अक्षरे असा समज करून घेतला, तर ‘म’ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चार टोके फुटलेले एक लहान वर्तुळ आणि वर्तुळात बसलेला ‘आर’ दिसतो. देवनागरीचे प्रत्येक अक्षर व मात्रा २२४ नेच सुरू होत असल्यामुळे तो रेघवाला ‘ए’ सगळीकडे पुन्हा पुन्हा येतो. ही खूण दिसली की समजा, मजकूर सुखरूप आहे. प्रोग्रॅमच्या ‘एन्कोडिंग’ या यादीत यूटीएफ-८ निवडा. मराठी परत येईल.

दुसरे कारण जुने आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी अक्षरजुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटवर होत असे. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाण १९९१ साली ठरले होते. पण छपाईच्या फाँटमध्ये जो तो आपापली मांडणी करी. रोमन ‘ए’ च्या जागी कोणी एखादे व्यंजन बसवी, तर कोणी काना किंवा अर्धे अक्षर. संगणकाच्या लेखी ते रोमन ‘ए’ च राही. तो फाँट असेल तोवर मराठी दिसते. फाँट गेला की उरतो रोमन अक्षरांचा अर्थहीन भरणा. यात तो रेघवाला ‘ए’ दर तिसऱ्या जागी येत नाही, ही ओळखण्याची खूण. यावर उपाय म्हणजे तोच फाँट मिळवणे किंवा त्या फाँटच्या मांडणीचे कोष्टक असलेला रूपांतर-प्रोग्रॅम वापरणे.

९०० वर्षे आणि १६ वर्षे

करार हरवला तर काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. १०८६ साली राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची मोजदाद करविली. ती नोंद ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. या घटनेला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने त्या काळच्या ब्रिटनचे नवे डूम्सडे तयार केले. शाळेतील मुलांसह सुमारे १० लाख लोकांनी त्यात आपल्या गावाची माहिती आणि फोटो दिले. सगळे लेझर चकत्यांवर साठवले गेले. त्या वाचायला खास यंत्र आणि बीबीसीचा त्या वेळचा संगणक लागे. थोड्याच वर्षांत ती यंत्रे बाजारातून नाहीशी झाली. २००२ साली लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर लिहून ती माहिती वाचून दाखवावी लागली. १०८६ चे चर्मपत्र मात्र लॅटिन जाणणाऱ्या अभ्यासकाला आजही वाचता येते. कारण लॅटिनचे व्याकरण आणि शब्दकोश कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नाहीत.

आपल्या भोवतीही अशी डूम्सडे पुस्तके आहेत. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे आपल्या अनेक शाळांचे वार्षिक अंक, गावांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल ‘पेजमेकर’ या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फाँटवर जुळवले गेले. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ साली निघाली. त्यानंतर त्याचा विकास थांबला. म्हणजे या फाइलींना दोन कुलपे आहेत : एक फॉरमॅटचे, दुसरे फाँटचे. सीडीवरचे बाइट शाबूत असले, तरी वाचक नाहीसा होत चालला आहे. यांपैकी पुष्कळ फाइली लिबर ऑफिसच्या साहाय्याने उघडून पाहता येतात. फाँटचे कुलूप नंतर काढता येते. पण सीडी खराब होण्याच्या आत हे झाले पाहिजे.

म्हणून स्वतःची फाइल साठवताना पुढच्या वाचकाचा विचार करा. जिचा करार जाहीर आहे अशा प्रकारात एक प्रत ठेवा : मजकूर युनिकोडमध्ये, पानांची मांडणी टिकवायची तर पीडीएफ, ज्याला २००८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, चित्रांसाठी पीएनजी किंवा जेपीजी. करार जाहीर असेल, तर आजचे सॉफ्टवेअर गेले तरी उद्या कोणी तरी, कदाचित तुमच्यापैकीच कोणी, नवे लिहू शकेल.

करून पाहा

१. एका लहान पीएनजी चित्राची आणि एका पीडीएफची प्रत काढा. त्या प्रती नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत ओळखीची अक्षरे सापडतात का ते पाहा. मात्र नोटपॅडमधून ‘सेव्ह’ करू नका. त्याने बाइट बदलून फाइल बिघडते. यासाठीच प्रत काढायची.

२. चित्र असलेल्या एका डॉकएक्स फाइलीची प्रत काढून शेपूट ‘झिप’ असे करा आणि ती उघडा. निबंधातील चित्र कोणत्या कप्प्यात सापडले?

३. जेपीजी फोटोचे शेपूट ‘टीएक्सटी’ करा आणि एखाद्या चित्र-प्रोग्रॅममधून, फाइल निवडून, उघडून पाहा. कोणता प्रोग्रॅम चिठ्ठी पाहतो आणि कोणता आतली खूण पाहतो, याचे टिपण करा.

४. शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या कपाटातील जुन्या सीडी शोधा. त्यांतील फाइलींची यादी करा : नाव, शेपूट, आतली खूण, कशाने उघडली. एखादा जुना वार्षिक अंक उघडता आला, तर त्याची पीडीएफ करून शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. त्या अंकात लिहिणारी मुले आज चाळिशीला आली असतील. त्यांचे लेखन त्यांच्या मुलांना वाचायला मिळेल.